सी/सी-सिलिकॉन कार्बाइड: घनता वाढली, मग ताकद निम्म्याहून खाली का आली?

एमटेक_मेटलर्जी

नमस्कार मंडळी. नागपुरात एम.टेक.चा प्रकल्प चालू आहे. विषय सी/सी-सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे कार्बन तंतूंचं सिरॅमिक कंपोझिट, द्रव सिलिकॉन मुरवून केलेलं. दोन प्लेटांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून विचारतो. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

दोन्हींत सारखं ते असं: टी-३०० कार्बन तंतूंचं कापड, ३के (एका जुडग्यात ३००० तंतू), साधी वीण, २०० ग्रॅम प्रति चौरस मीटर, १२ थर. रेझोल फिनॉलिक रेझिन, प्रेसमध्ये १७० अंशांवर क्युअर (तापवून कडक) केलं. प्लेट १०० × १०० मिमी, क्युअरनंतर जाडी साधारण २.७ मिमी. पायरोलिसिस (हवेशिवाय तापवून रेझिनचा कार्बन करणं) नायट्रोजनमध्ये ९०० अंशांपर्यंत. त्यानंतर ग्रॅफाइट भट्टीत, व्हॅक्यूममध्ये सिलिकॉन. प्रत्येक प्लेटला ३० ग्रॅम सिलिकॉनचे खडे ठेवले होते.

प्लेट अ: कापड आलं तसंच वापरलं. पायरोलिसिसनंतर जाडी २.४८ मिमी, घनता १.३८ (सगळ्या घनता ग्रॅम प्रति घन सेंमी), उघडी छिद्रं १७ टक्के. सिलिकॉन १५५० अंशांवर ३० मिनिटं. शेवटची घनता १.९४, छिद्रं ३.५ टक्के. वाकवण्याची ताकद १४८ मेगापास्कल.

प्लेट ब: सायझिंग (तंतूंवरचा कारखान्यातला पातळ लेप) काढायचं म्हणून कापड आधी नायट्रोजनमध्ये ६०० अंशांवर १ तास तापवलं. पायरोलिसिसनंतर जाडी २.६२ मिमी, घनता १.२८, छिद्रं २४ टक्के. सिलिकॉन १६५० अंशांवर २ तास. शेवटची घनता २.२१, छिद्रं १.५ टक्के. ताकद ६१ मेगापास्कल.

चाचणी तीन-बिंदू वाकवण्याची, स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) ४० मिमी. अ चा आलेख वर जाताना वाकतो आणि कमाल भारानंतर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. ब चा आलेख सरळ रेषेत चढतो आणि काचेसारखा तुटतो.

साध्या सिरॅमिकमध्ये छिद्रं कमी म्हणजे ताकद जास्त. इथे उलटं का? आणि पुढची प्लेट करताना नेमकं काय बदलू?

---

कार्बन_कार्बाइड

आकडे नीट दिलेत म्हणून हिशेब करता येतो. तो आधी करू, बराचसा उलगडा त्यातच आहे.

१ घन सेंमी मटेरियल धरा. सिलिकॉन आत गेल्यावर तीन गोष्टी होतात: काही कार्बन खर्च होतो, त्याचं सिलिकॉन कार्बाइड बनतं आणि थोडं सिलिकॉन तसंच राहतं. १ ग्रॅम कार्बनला २.३४ ग्रॅम सिलिकॉन लागतं आणि ३.३४ ग्रॅम कार्बाइड तयार होतं. कार्बाइडची घनता ३.२१, सिलिकॉनची २.३३, तुमच्या कार्बनची सरासरी १.६५ धरली. बंद छिद्रं सोडून दिली. आता वजनातली वाढ आणि भरलेल्या छिद्रांचं आकारमान अशी दोन समीकरणं मिळतात आणि अज्ञातही दोनच.

प्लेट अ: वजनात वाढ ०.५६ ग्रॅम, भरलेली जागा १३.५ टक्के. उत्तर येतं ०.१८५ ग्रॅम कार्बन खर्च, म्हणजे एकूण कार्बनच्या १३ टक्के. कार्बाइड आकारमानाने १९ टक्के, मोकळं सिलिकॉन ५ ते ६ टक्के.

प्लेट ब: वाढ ०.९३ ग्रॅम, भरलेली जागा २२.५ टक्के. कार्बन खर्च ०.३०६ ग्रॅम, म्हणजे २४ टक्के. कार्बाइड ३२ टक्के, मोकळं सिलिकॉन ९ टक्के.

आता तंतू किती आहेत ते पाहा. १२ थर × २०० ग्रॅम म्हणजे चौरस मीटरला २४०० ग्रॅम. टी-३०० ची घनता १.७६, म्हणून निव्वळ तंतूंची जाडी १.३६ मिमी. २.६२ मिमी जाडीत हे ५२ टक्के झाले. त्यांचं वजन ०.९२ ग्रॅम, म्हणजे १.२८ मधून रेझिनपासून आलेला कार्बन उरतो फक्त ०.३६ ग्रॅम. खर्च झालाय ०.३०६. सगळा खर्च मॅट्रिक्समधूनच, म्हणजे तंतूंभोवतीच्या या रेझिनच्या कार्बनमधूनच, झाला म्हणायचं तर त्यातला ८५ टक्के कार्बन संपायला हवा, आणि हे शक्य नाही, कारण त्यातला बराचसा भाग तंतूंच्या जुडग्याच्या आत, दोन तंतूंच्या मधल्या मायक्रॉनभर जागेत असतो. तिथपर्यंत सिलिकॉन पोचलं असेल तर शेजारच्या तंतूला ते सोडणार नाही. थोडक्यात, ब मध्ये तुमचे तंतूच कार्बाइड झालेत. वाढलेली घनता तिथूनच आली.

असं झालं का? या पद्धतीत ताकद सिलिकॉनच्या भट्टीत ठरत नाही, त्याच्या आधी ठरते. फिनॉलिकचा कोळसा होताना मॅट्रिक्स आक्रसतं, तंतू आक्रसत नाहीत. तंतू आणि मॅट्रिक्सची पकड चांगली असेल तर हा ताण जुडग्याला आडवा चिरतो. पूर्ण जुडगं छोट्या छोट्या घट्ट ठोकळ्यांत विभागलं जातं आणि ठोकळ्यांच्या मधे रुंद भेगा राहतात. सिलिकॉन या भेगांतून धावतं, ठोकळ्याच्या बाहेरच्या कडेवर काही मायक्रॉनचं कार्बाइडचं आवरण बनवतं आणि आतले तंतू वाचतात. पकड कमकुवत असेल तर ठोकळे बनत नाहीत, प्रत्येक तंतू मॅट्रिक्सपासून सुटतो. मग छिद्रं जास्त आणि ती सगळी तंतूंना चिकटून. तुमच्या २४ टक्क्यांचा आणि २.६२ मिमी जाडीचा अर्थ हाच. जुडगी आतून सुटली म्हणून प्लेट जाडीत कमी आक्रसली.

६०० अंशांवर तापवल्याने सायझिंग गेलंच, पण तंतूच्या पृष्ठभागावरचे ऑक्सिजनचे गटही गेले. फिनॉलिक त्यांनाच धरतं. तंतू तापवणं मुळात चुकीचं नाही. पकड फार घट्ट असेल तर ती जरा सैल केल्याने ताकद आणि तुटण्याआधीची लांबण दोन्ही वाढतात. पण ती मात्रा तंतू, रेझिन आणि तापमान या तिघांवर ठरते आणि तुमच्या जोडीत ती ओलांडली गेली आहे.

एक आक्षेप मात्र घेतो. तुम्ही कापड तापवणं आणि सिलिकॉनचं तापमान-वेळ, दोन्ही एकदम बदलले. माझा कौल कापडाकडे आहे, कारण ब ची १.२८ घनता आणि २४ टक्के छिद्रं सिलिकॉन घालण्याआधीचीच आहेत. पण प्रबंधात हे कौलावर चालणार नाही. न तापवलेलं कापड आणि १६५०/२ तास अशी एक प्लेट, तापवलेलं कापड आणि १५५०/३० मिनिटं अशी दुसरी, या दोन्ही कराच. जुडगी घट्ट असतील तर नुसत्या जास्त वेळाने फार बिघडू नये. कार्बाइडचा पहिला थर बनला की पुढे सिलिकॉनला त्यातून झिरपत जावं लागतं आणि अभिक्रिया मंदावते.

---

हिंगण्याची_भट्टी

वरचा हिशेब बरोबर आहे. मी फक्त भट्टीचं बोलतो.

पहिले हे सांगा भाऊ, १६५० मोजलं कशानं? पायरोमीटर (काचेतून येणाऱ्या उजेडावरून तापमान सांगणारं) असेल तर भट्टीच्या काचेकडे पाहा. सिलिकॉन असलेल्या भट्टीत सिलिकॉन मोनॉक्साइडची वाफ निघते आणि थंड काचेवर जाऊन बसते. काच धुरकट झाली की पायरोमीटर कमी दाखवते, कंट्रोलर आणखी पॉवर देते. तुम्ही १६५० म्हणून राहिले आणि आत त्याहून जास्त होऊन राहिलं, असं सहज होते. दर खेपेआधी काच पुसायची. आणि तपासायचं कसं, तर सिलिकॉन वितळते १४१४ ला. चढताना त्या जागी आलेख क्षणभर अडखळते. तुमचा अडखळा १३७० ला दिसत असेल तर मीटर ४० अंश कमी सांगते, हे पक्कं. प्लॅटिनमचं थर्मोकपल अशा भट्टीत उघडं ठेवायचं नाही, सिलिकॉनची वाफ त्याले खाते.

दुसरं, सिलिकॉन किती ठेवलं ते. अ चं आकारमान २४.८ घन सेंमी, वाढ ०.५६, म्हणजे तिनं १४ ग्रॅम घेतलं. ब नं साडेचोवीस ग्रॅम घेतलं. तुम्ही दोघींपुढं ३० ठेवलं. ज्या प्लेटीत वाटा जास्त, ती पीतच गेली. अ सारख्या प्लेटीले तिच्या वजनाच्या ५० ते ५५ टक्के सिलिकॉन पुरते, म्हणजे १७-१९ ग्रॅम. १४ मोजूनमापून ठेवलं तर मधात कोरडे डाग राहतात, कारण थोडं वाफेत जाते आणि थोडं मुशीत राहते. खडे १ ते ५ मिमीचे घ्या. बारीक भुकटी नको, तिच्यावर ऑक्साइडचं पांघरूण जास्त.

मूस ग्रॅफाइटची, आतून बोरॉन नायट्राइडचे दोन हात, दर हात वाळवून. नाही तर प्लेट मुशीले चिकटते आणि काढताना कोपरा जाते. प्लेट सच्छिद्र कार्बनच्या छोट्या पायांवर उभी करा, सिलिकॉन खालून चढू द्या. वरून खडे पसरले तर जिथं खडा, तिथं आधी अभिक्रिया सुरू होते. ती चांगलीच उष्णता सोडते, त्या जागी आणखी तापते आणि तिथलेच तंतू जास्त जातात.

चढ असा ठेवा: मिनिटाले १० अंशानं १३५० पर्यंत, तिथं २० ते ३० मिनिटं थांबा म्हणजे मूस आणि प्लेट एका तापमानाले येतात, मग १५५०. प्रेशर १ मिलिबारच्या खाली, रोटरी पंप पुरते. फार खोल व्हॅक्यूममध्ये सिलिकॉनच उडते. १५५० ले ३० मिनिटं थांबा. अडीच मिमीच्या प्लेटीत मुरायचं काम काही मिनिटांत होते, बाकीचा वेळ अभिक्रियेसाठी.

या टप्प्यात नायट्रोजन बिलकुल नको. पायरोलिसिसले चालते, इथं सिलिकॉनशी मिळून नायट्राइड बनवते आणि तोंडं बंद करते. गॅस लागलाच तर आर्गॉन, ९९.९९९ चा. लाइन एकच असेल तर आधी दोन-तीन वेळा व्हॅक्यूम करून आर्गॉन भरून धुऊन काढा.

उतरताना १५५० ते १३०० मिनिटाले ३ ते ५ अंशानंच. सिलिकॉन गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. बाहेरून आधी गोठलं तर आतलं दाबात येते आणि पृष्ठभागावर चकचकीत मणी फुटतात. तुमच्या ब वर असे मणी असतील, पाहा.

आणि आपल्या नागपूरची गोष्ट. मे महिन्यात बाहेर ४५ असते, चिलरचं पाणी थंड राहत नाही आणि इंटरलॉक भट्टी बंद करते. ही गोष्ट १४१४ च्या वर असताना झाली तर प्लेट गेली समजा. उन्हाळ्यात ही फेरी रात्री लावा. जून-सप्टेंबरात गडगडाटाचा पाऊस असेल त्या संध्याकाळी लावू नका. पाण्याचा पंप तरी जनरेटरवर असू द्या, हीटर नसला तरी चालते.

---

एमटेक_मेटलर्जी

हिशेब कळला, धन्यवाद सर. भाऊ, मणी ब वरच आहेत, अ वर जवळजवळ नाहीत. मोजमाप पायरोमीटरनेच होतं. १४१४ चा अडखळा रेकॉर्डमध्ये शोधतो.

आणखी एक. अ साठी प्रीप्रेग (रेझिन लावलेलं, अजून क्युअर न केलेलं कापड) मार्चमध्ये केलं होतं, ब साठी जुलैत. रेझिन तेच. याचाही काही वाटा असेल का?

---

रेझिनवाली

वाटा आहे, आणि तो वेगळा काढता येईल. मार्च आणि जुलै म्हणजे नागपुरात जवळजवळ दोन वेगळी हवामानं. रेझोल फिनॉलिकमध्ये मुळातच पाणी असतं आणि क्युअर होताना आणखी पाणी सुटतं. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते तेव्हा प्रीप्रेग उघडं राहिलं की ते आणखी पाणी ओढतं. प्रेसमध्ये त्याची वाफ होते, थरांमध्ये फुगे राहतात. तेच फुगे पायरोलिसिसमध्ये थर सुटण्याची सुरुवात करतात आणि शेवटी मोकळ्या सिलिकॉनची तळी होतात. तुमचं ब मधलं ९ टक्के मोकळं सिलिकॉन काही अंशी इथून आलं असू शकतं.

मी पावसाळ्यात हा क्रम ठेवायला सांगेन. कापड ११० अंशांवर १ ते २ तास वाळवून गरम असतानाच रेझिन लावायचं. वजनाने रेझिन ३८ ते ४० टक्के. थर ८० ते ९० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवून उडणारा भाग ५-६ टक्क्यांपर्यंत आणायचा. मोजायला सोपं: १०० × १०० मिमीचा तुकडा तोला, १६० अंशांवर १५ मिनिटं ठेवा, परत तोला. घट ७ टक्क्यांच्या वर असेल तर तो प्रीप्रेग प्रेसमध्ये घालू नका. ४ च्या खाली असेल तर रेझिन पुढे सरकलंय (अर्धवट क्युअर झालंय), वाहणार नाही, थर कोरडे राहतील. मेमध्ये बहुतेक हीच तक्रार येते, कारण ४० अंशांच्या खोलीत रेझोल नुसतं पडल्या पडल्या जड होत जातं.

प्रीप्रेग उणे १८ अंशांवर ठेवत असाल तर पिशवी बंद असतानाच खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड पिशवी उघडली की कापडावर दंव धरतं. घाई इथेच नडते.

प्रेसमध्ये दाब कधी द्यायचा यावर सगळं आहे. १०० अंशांपर्यंत नुसता हात लावल्यासारखा दाब. ११० ते १२० च्या मधे रेझिन दाटायला लागतं, कडेने आलेला थेंब काडीला लावून ओढला की तार धरतो. त्या वेळी प्रेस दोन-तीनदा क्षणभर उघडून वाफ सोडा आणि लगेच ५ ते ७ बार. आधी दाब दिलात तर रेझिन बाहेर जातं, उशिरा दिलात तर फुगे आत कायम. मग १७० वर १ तास. त्यानंतर ओव्हनमध्ये तासाला १० अंशांनी २०० पर्यंत पोस्ट-क्युअर. हे टाळलं तर उरलेलं पाणी पायरोलिसिसमध्ये निघतं आणि नेमकं तेव्हा प्लेट सगळ्यात नाजूक असते.

पायरोलिसिसचा वेग तुम्ही लिहिला नाहीत. ३०० पर्यंत मिनिटाला १ अंश चालतो. ३०० ते ६५० हा खरा घात करणारा पट्टा: आधी पाणी, मग फिनॉलचे तुकडे, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड. इथे अडीच मिमीच्या प्लेटला तासाला २० अंशांहून जास्त देऊ नका, ५ मिमी असेल तर १०. ६५० च्या वर मुख्यतः हायड्रोजन जातो, मिनिटाला अर्धा अंश पुरे. ९०० वर १ तास, उतरतानाही मिनिटाला २ च्या आत. प्लेट दोन ग्रॅफाइट पाट्यांमध्ये सैल ठेवा. घट्ट आवळलीत तर गॅसला वाट राहत नाही.

नीट झालेल्या प्लेटची खूण अशी: वजन १५ ते १७ टक्के घटतं, जाडी ८ ते १० टक्के. तुमची अ २.७३ वरून २.४८ वर आली असेल तर ते ९ टक्के, म्हणजे उत्तम. ब फक्त ४ टक्के आक्रसली. एवढा फरक ओलाव्याने पडत नाही, त्यामुळे मीही कापड तापवण्याकडेच बोट दाखवेन. पण पुढच्या प्लेटांचं प्रीप्रेग एकाच दिवशी, एकाच डब्यातून करा, म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही.

---

अजनी_लॅब

धागा वाचून विचारतो, विषय जवळचाच आहे. आमच्याकडे व्हॅक्यूमची एवढी गरम भट्टी नाही, ट्यूब भट्टी १२०० पर्यंत जाते. म्हणून निकॅलॉन (सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंच्या) कापडात पॉलिकार्बोसिलेन (तापवल्यावर सिलिकॉन कार्बाइड देणारा पॉलिमर) भरून पायरोलिसिस, परत भरणं, अशा फेऱ्यांचा विचार आहे. पॉलिमर झायलीनमध्ये ५० टक्के विरघळवलेलं. किती फेऱ्या लागतील? ताकद कशावर ठरेल?

---

कार्बन_कार्बाइड

फेऱ्यांचा अंदाज कागदावरच येतो. पॉलिकार्बोसिलेनची घनता १.०५ च्या आसपास, १००० अंशांनंतर उरणाऱ्या सिरॅमिकची २.४ धरा, वजनाने उतारा ६५ टक्के. म्हणजे छिद्र पॉलिमरने गच्च भरलं तरी शेवटी त्यातली २८ टक्केच जागा भरलेली राहते, ७२ टक्के परत रिकामी. सुरुवातीला ४५ टक्के छिद्रं असतील तर दर फेरीला ०.७२ ने गुणत जा: ३२, २३, १७, १२, ९. पाच फेऱ्यांत १० च्या खाली. पण तुमचं द्रावण निम्मं झायलीन, ते उडून जाणार. म्हणजे फेरीला १४ टक्केच भरणार, गुणक ०.८६, आणि १० टक्क्यांवर यायला १० फेऱ्या. प्रत्यक्षात याहून थोड्या जास्त, कारण बाहेरची तोंडं आधी बुजतात. म्हणून पहिल्या दोन फेऱ्यांना पातळ द्रावण, नंतर जितकं दाट आत जाईल तितकं. शक्य असेल तर विद्रावकाशिवाय द्रवच असणारा पॉलिमर घ्या. एका फेरीत वजन १ टक्क्याहूनही कमी वाढलं की थांबा. त्यापुढे आत काही जात नाही, फक्त वरचा पापुद्रा जाड होतो.

ताकदीसाठी दोन गोष्टी. पहिली तापमान. साधं निकॅलॉन घेणार असाल तर त्यात वजनाने १० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो. ११००-१२०० च्या वर तो कार्बन मोनॉक्साइड आणि सिलिकॉन मोनॉक्साइड होऊन निघून जातो आणि तंतू पोकळ, खरबरीत होत जातो. तुमच्या दहा फेऱ्या म्हणजे तंतूला दहा वेळा भाजणं. म्हणून १००० वर १ तास, त्यावर नको. ट्यूब १२०० पर्यंत जाते म्हणून तिथे नेऊ नका. कमी ऑक्सिजनचं हाय-निकॅलॉन जास्त सोसतं, पण महाग. वाढ ३०० ते ८०० च्या पट्ट्यात मिनिटाला १ अंश. आर्गॉनमध्ये ओलावा-ऑक्सिजन अडवणारा सापळा लावाच. पॉलिमर हवेत २०० अंशांवर घट्ट करायची पद्धत आहे, तिच्यातही ऑक्सिजन आत येतो हे लक्षात ठेवा.

दुसरी, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा मोठी: तंतूवरचा लेप. सिलिकॉन कार्बाइडचा तंतू आणि त्याच जातीचं मॅट्रिक्स थेट भिडले तर एकजीव होतात. मॅट्रिक्समधली भेग तंतूशी वळत नाही, आरपार जाते आणि तुकडा साध्या सिरॅमिकसारखा तुटतो. भेग वळायला हवी असेल तर इंटरफेस (तंतू आणि मॅट्रिक्समधला सांधा) उकलायला लागणारी ऊर्जा तंतू तोडायला लागणाऱ्या ऊर्जेच्या साधारण पाव भागाहून कमी असावी लागते. त्यासाठी पायरोलिटिक कार्बनचा ०.१ ते ०.३ मायक्रॉनचा थर, मिथेन किंवा प्रोपेनमधून १००० अंशांच्या आसपास. त्याहून फार जाड केलात तर पकड इतकी सैल होते की भार तंतूवर जातच नाही. हा थर हवेत ५०० अंशांच्या आसपास जळायला लागतो. तुकडा हवेत गरम वापरायचा असेल तर बोरॉन नायट्राइड बरं, पण त्याला ओलसर वाफ मानवत नाही. सायझिंग काढल्याशिवाय लेप बसत नाही, ते आधी.

लेपाची सोय होत नसेल तर फेऱ्या वाढवून ताकद येईल अशी आशा धरू नका. घनता येईल, तुटणं तसंच काचेसारखं राहील.

---

एमटेक_मेटलर्जी

दोन्ही जास्तीच्या प्लेटा करतो, प्रीप्रेग एकत्रच. हातात सध्या साधा मेटलर्जिकल मायक्रोस्कोप आणि मफल भट्टी आहे. एवढ्यावर ब चे तंतू गेले हे दाखवता येईल का? आणि ४० मिमी स्पॅन बरोबर होता का?

---

कार्बन_कार्बाइड

एवढं पुरेसं आहे. मफलपासून सुरुवात करा. दोन्ही प्लेटांचा २-३ ग्रॅमचा तुकडा ११० वर वाळवून तोला, हवेत ७०० अंशांवर ठेवा, वजन स्थिर होईपर्यंत मधूनमधून तोला. कार्बन जळतो, कार्बाइड आणि सिलिकॉन राहतात, त्यांच्यावर ऑक्साइड धरतं ते नगण्य. माझा वरचा हिशेब बरोबर असेल तर अ चा ३८ टक्के उरेल, ब चा ५६. तुकडा पातळ कापा, जाड असेल तर आतला कार्बन तासन्‌तास रेंगाळतो. उरलेला सांगाडा हलक्या हाताने उचलून भिंगाखाली पाहा. अ मध्ये जुडग्यांच्या जागी रिकामे बोगदे दिसतील. ब मध्ये जुडग्याच्या जागीच कडक काड्या उभ्या असतील.

मग मायक्रोस्कोप. हिऱ्याच्या पात्याने सावकाश कापा, इपॉक्सीत व्हॅक्यूमखाली बसवा, ९, ३, १ मायक्रॉन हिरा-पेस्टने घासा. पॉलिश झाल्यावर सिलिकॉन पांढरं चमकतं, कार्बाइड राखाडी, कार्बन त्याहून गडद. जुडग्याला आडवा काप घ्या. अ मध्ये ७ मायक्रॉनच्या गोल तंतूंचे अख्खे गठ्ठे आणि भोवती राखाडी कड दिसली पाहिजे. ब मध्ये गोलांच्या कडा कुरतडलेल्या, काही पूर्ण राखाडी. तुटलेल्या पृष्ठभागावर तंतू किती बाहेर आलेत ते पाहायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागेल. त्यासाठी वाडीच्या जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनियम संशोधन केंद्रात किंवा व्हीएनआयटीत चौकशी करा. पृष्ठभागाला हात लावू नका, तुटल्याबरोबर डबीत.

स्पॅनबद्दल: ४० ला २.५ ने भागलं तर १६, हे चालतं. तीन-बिंदू चाचणीत वाकवण्याचा ताण आणि थरांमधला कातर-ताण यांचं गुणोत्तर (स्पॅन भागिले जाडी) याच्या दुप्पट असतं, इथे ३२. अ ला १४८ वर थरांमध्ये ४.६ मेगापास्कल आला. तुकडा मधोमध खालच्या बाजूने तुटला असेल तर आकडा खरा. कडेला थर आडवे सुटलेले दिसत असतील तर तो थरांच्या पकडीचा आकडा आहे, तंतूंचा नव्हे. मग ८० मिमी स्पॅन घ्या, १०० मिमीच्या प्लेटमधून पट्टी निघते. जाडीतून घासून काढू नका, वरचा थर कापला गेला की २०० ग्रॅमच्या कापडातले तंतूच तुटतात. वाकवण्याचा आकडा ओढण्याच्या ताकदीहून वरच येतो, म्हणून प्रबंधात दोन्ही एकाच तक्त्यात शेजारी ठेवू नका.

---

हिंगण्याची_भट्टी

दोन्ही नव्या प्लेटा एकाच फेरीत लावता येणार नाहीत, तापमान वेगळं आहे. पण दर फेरीत शेजारी त्याच प्रीप्रेगचा एक ३० × ३० चा तुकडा वेगळ्या छोट्या मुशीत ठेवा, त्याले सिलिकॉन त्याच्या वजनाच्या ५० टक्के. १५५० च्या फेरीत आणि १६५० च्या फेरीत त्यानं किती वजन घेतलं ते कळलं की काच धुरकटल्याचा घोळ होता का, तेही सुटते.

काल मॉन्सूनचे ढग पाहून चिलरचा फिल्टर धुतला, तुम्हीही धुवा. पहिल्या पावसात धूळ गाळ होऊन बसते.